घरामागच्या तळ्यातले सनफिश: रंग सगळ्यात शेवटी बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नॉर्थ कॅरोलायनात घर घेतलंत, मागे अर्ध्या एकराहून थोडं कमी तळं आहे. मुलांनी गळाला गांडूळ लावून मासे पकडले आणि त्यात चार वेगळे दिसणारे निघाले. पहिला रुंद आणि चपटा, अंगावर उभे पट्टे, कल्ल्याच्या झाकणामागे काळा ठिपका. दुसरा तसाच, पण ठिपक्याच्या कडेला लाल रंग. तिसरा लांबट, तोंड मोठं, गालावर निळसर-हिरव्या रेघा. चौथा पहिल्यासारखाच, पण तोंड थोडं मोठं आणि परांना पिवळी कड. शेजारी सगळ्यांना ‘ब्रिम’ म्हणतात, आणि फोनमधलं अॅप एकाच माशाच्या दोन फोटोंना दोन नावं देतं. तर हे मासे कोणते, आणि तळ्यात नेमकं काय किती आहे?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. पहिला ब्लूगिल, याबद्दल मला शंका नाही. दुसरा बहुधा रेडइअर, पण पम्पकिनसीडची शक्यता खोडून काढायला त्याचा गाल नीट बघावा लागेल. तिसरा ग्रीन सनफिश. चौथा ब्लूगिल आणि ग्रीन यांचा संकर असावा. अॅपचा घोळ होतो तो मुख्यतः या चौथ्यासारख्या माशांमुळे, आणि अशा तळ्यांत ते जितके लोकांना वाटतात त्याहून जास्त असतात.

हे सगळे सनफिश, म्हणजे लेपोमिस या एकाच प्रजातीतले भाऊबंद. जगभरात या प्रजातीत साधारण डझनभर जाती, मूळच्या सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या. बास आणि क्रॅपी हेही त्याच कुळातले, पण जरा दूरचे. क्रॅपी वेगळा काढायचा असेल तर गुदपराचे, म्हणजे पोटाखाली शेपटीच्या बाजूला असलेल्या पराचे, टोकदार काटे मोजा. लेपोमिसला ते तीन असतात, क्रॅपीला सहा-सात. लार्जमाउथ बासचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जातो आणि त्याच्या पाठीवरचा पर मधे इतका खोल कापलेला असतो की दोन वेगळे पर वाटावेत. तुमच्या चौघांपैकी कोणाचंच वर्णन यात बसत नाही, त्यामुळे हा भाग इथेच सोडतो.

आता मुख्य मुद्दा. नवा माणूस मासा हातात घेतला की आधी रंग बघतो. सनफिशच्या बाबतीत रंगाइतकं फसवं दुसरं काही नाही. विणीच्या काळात ब्लूगिलच्या नराची छाती तांबूस-केशरी होते, डोकं निळं-जांभळं दिसतं. तोच मासा हिवाळ्यात बघा, मळकट हिरवा. गढूळ पाण्यातला मासा फिका, शेवाळाच्या स्वच्छ पाण्यातला गडद. बादलीत दहा मिनिटं ठेवला की पट्टे पुसट होतात किंवा उलट जास्त ठळक होतात, कारण घाबरलेला मासा रंग बदलतो. मादी आणि पिल्लं तर जवळपास सगळ्या जातींची फिकटच. म्हणून मी क्रम उलटा ठेवतो: आधी तोंड, मग छातीचा पर, मग कानाची पाळी, मग पाठीवरच्या परावरचा डाग, आणि रंग सगळ्यात शेवटी, तोही फक्त मत पक्कं करायला.

तोंडापासून सुरुवात करू, कारण निम्मं काम तिथेच होतं. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं मागचं टोक कुठपर्यंत येतं ते बघायचं. मिटलेलंच हवं. तोंड उघडलं की जबडा पुढे सरकतो आणि अंदाज चुकतो. गळ काढताना काढलेल्या फोटोंवरून माझ्यासकट कोणीही खात्रीने बोलू नये ते यामुळेच. ब्लूगिल, रेडइअर आणि पम्पकिनसीडचं तोंड लहान. जबड्याचं टोक डोळ्याच्या पुढच्या कडेपर्यंत जेमतेम येतं, ब्लूगिलचं तर तिथेही पोचत नाही. ग्रीन सनफिशचं टोक डोळ्याखाली शिरतं, मोठ्या माशात बुबुळाच्या खाली येतं. वॉरमाउथ या आणखी एका लेपोमिसचं तितकंच किंवा आणखी मागे. तोंड बघून त्या माशाचं खाणंही कळतं. लहान तोंडाचे बारीक किडे, अळ्या, पाण्यातले सूक्ष्म जीव टिपतात. मोठ्या तोंडाचे दुसऱ्या माशांची पिल्लं गिळतात.

दुसरी खूण छातीचा पर, म्हणजे कल्ल्यामागे दोन्ही बाजूंना असतो तो. मासा ओल्या हातात आडवा धरा आणि हा पर हलकेच पुढे, डोळ्याच्या दिशेने वळवा. टोक डोळ्याच्या पुढच्या कडेपर्यंत किंवा पलीकडे गेलं तर पर लांब आणि टोकदार: ब्लूगिल, रेडइअर, पम्पकिनसीड. तिथवर पोचलंच नाही आणि टोक गोलसर असेल तर ग्रीन, वॉरमाउथ, किंवा लेपोमिसच्याच आणखी दोन जाती, रेडब्रेस्ट आणि लाँगइअर. जोर लावू नका, पर सहज वळेल तेवढाच वळवा. ही खूण पाण्याच्या रंगाने, ऋतूने किंवा माशाच्या भीतीने बदलत नाही, म्हणून माझा तिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा. तरीही हौशी लोक तिच्याकडे क्वचितच लक्ष देतात, कारण फोटोत हा पर बहुधा अंगाला चिकटून बसलेला असतो.

तिसरी कानाची पाळी. माशाला बाहेरून कान नसतो हे उघड आहे, पण कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या टोकाला जी काळी झालर असते तिला इथले गळवाले कानच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ब्लूगिलची पाळी कडेपर्यंत काळी, तिला फिकट किनार नसते. ग्रीनच्या काळ्या पाळीला पांढुरकी किंवा पिवळसर किनार. रेडइअरच्या पाळीला लाल किनार, मादीत ती नारिंगी. पम्पकिनसीडच्या पाळीच्या अगदी टोकाला लहान, ठळक लाल ठिपका. रेडब्रेस्टची पाळी लांब, अरुंद आणि पूर्ण काळी. लाँगइअरची लांब, पण फिकट किनारीची.

यातले लाँगइअर आणि रेडब्रेस्ट तुमच्या बाबतीत थोडक्यात निकालात काढता येतात. लाँगइअर मिसिसिपी, ग्रेट लेक्स आणि आखाताकडे वाहणाऱ्या नद्यांतला. अटलांटिककडे उतरणाऱ्या नद्यांत तो मूळचा नाही, त्यामुळे तुमच्या राज्याच्या मध्य आणि पूर्व भागातल्या तळ्यात तो निघाला तर मलाच नवल वाटेल. रेडब्रेस्ट मात्र तुमच्याकडचाच, पण मुख्यतः वाहत्या पाण्यातला. तळ्याला ओढा जोडलेला असेल तर कधीमधी सापडेल. मासा कोणता असावा हे ठरवताना नकाशा हाताशी ठेवणं हे जबडा मोजण्याइतकंच कामाचं आहे, आणि अॅप तिथेच कमी पडतं. त्याला रंग दिसतो, नदीचं खोरं दिसत नाही.

तुमच्या दुसऱ्या माशाकडे येतो. रेडइअर आणि पम्पकिनसीड यांत गल्लत होणं अगदी साहजिक आहे. दोघांचं तोंड लहान, दोघांचा छातीचा पर लांब, दोघांच्या पाळीवर लाल. फरक गालावर आहे. पम्पकिनसीडच्या गालावर निळ्या नागमोडी रेघा असतात, डोळ्यापासून आणि तोंडापासून मागे जाणाऱ्या. रेडइअरचा गाल साधा, फार तर थोडे गडद ठिपके. दुसरं, पाठीवरच्या पराचा मागचा मऊ भाग बघा. पम्पकिनसीडमध्ये त्यावर ठळक तपकिरी ठिपके आणि नक्षी, रेडइअरमध्ये तो बराचसा कोरा. तिसरी खूण बोटांनी कळते: पम्पकिनसीडच्या कल्ल्याच्या झाकणाची मागची कड ताठ असते, रेडइअरची लवचीक. आणि मासा दहा इंचांच्या आसपास असेल तर पारडं रेडइअरकडे झुकतं. पम्पकिनसीड सहसा इतका वाढत नाही.

तुम्ही लिहिलंय की दुसरा मासा ‘तळाशी, काठापासून लांब’ लागला. हेही रेडइअरकडेच बोट दाखवतं. त्याचं मुख्य खाणं गोगलगायी. घशात चपटे, दळणारे दात असतात, त्यांनी तो त्यांचा शंख फोडतो आणि कवच बाहेर टाकतो. म्हणूनच दक्षिणेत त्याला ‘शेलक्रॅकर’ म्हणतात. पम्पकिनसीडही गोगलगायी खातो. मिशिगनच्या काही तळ्यांत रेडइअर सोडल्यावर पम्पकिनसीडची संख्या घटल्याचं अभ्यासकांना दिसलं आहे: खाणं तेच, आणि रेडइअर ते जास्त सफाईने फोडतो.

गोगलगायींवरून आणखी एक गोष्ट. काही माशांच्या अंगावर आणि परांवर मिरीएवढे किंवा त्याहून बारीक काळे ठिपके दिसतील. ती जातीची खूण समजू नका. ती एका चपट्या कृमीची अळी, माशाच्या कातडीत गाठ करून बसलेली. हा कृमी गोगलगाय, मासा आणि मासे खाणारा पक्षी असा फिरत राहतो. मांसात पिवळ्या अळ्या दिसल्या तर तोही असाच एक कृमी, तिथे पक्षी म्हणजे बहुधा बगळा. नीट शिजवलेल्या माशातून माणसाला धोका नाही. पण तळ्यात रेडइअर असले की गोगलगायी आटोक्यात राहतात आणि हे चक्र मंदावतं, म्हणून तळ्याची निगा राखणारे त्याला मुद्दाम सोडतात. तुमच्या आधीच्या घरमालकांनीही तेच केलं असावं. आग्नेय राज्यांत तळ्यात ब्लूगिल, रेडइअर आणि लार्जमाउथ बास सोडायचं हे बरंच जुनं वळण आहे. अलाबामातल्या ऑबर्न इथे होमर स्विंगल यांनी 1930 च्या दशकापासून शेततळ्यांवर जे प्रयोग केले, त्यांतून बास आणि ब्लूगिलची ही जोडी रूढ झाली. म्हणून अशा तळ्यात हाती आलेला सनफिश ब्लूगिल असण्याची शक्यता, तो बघण्याआधीच, सगळ्यात जास्त धरायची.

पहिल्या माशाबद्दल मी इतक्या खात्रीने बोललो त्याचं कारण तुमच्या फोटोतला एक डाग. पाठीवरच्या पराच्या मऊ भागात, अगदी मागे, बुडाशी एक गडद धब्बा आहे. ब्लूगिलची ती ठरलेली खूण, फक्त अगदी लहान पिल्लांत ती उमटलेली नसते. लहान तोंड, लांब पर, कोरी काळी पाळी आणि हा धब्बा, चारही एकत्र आले की वाद संपतो. दक्षिणेत फ्लोरिडातला ‘कॉपरनोज’ ब्लूगिलही बरेचजण सोडतात. त्याचे पट्टे रुंद असतात आणि मोठ्या नराच्या कपाळावर तांब्याच्या रंगाची पट्टी येते. तो वेगळी जात नाही, ब्लूगिलचाच एक वंश.

ब्लूगिलच्या नराबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण ते ‘फिका म्हणजे मादी’ या सोप्या नियमाला छेद देतं. पाणी साधारण 70 फॅरनहाइटच्या आसपास तापलं की मोठे नर उथळ पाण्यात, एकमेकांना लागून, शेपटीने वाळूत गोल खळगे करतात आणि त्यांची राखण करतात. पण काही नर मोठे होण्याची वाटच बघत नाहीत. लहानपणीच वयात येतात, झुडपांतून झटकन घरट्यात घुसून पळून जातात. त्यातलेच थोडे मोठे झालेले काही मादीचा रंग आणि चालही उचलतात, म्हणजे राखण करणारा नर त्यांना हुसकत नाही. ऑन्टॅरिओतल्या ओपिनिकन तलावात या प्रकाराचा बारकाईने अभ्यास झाला आहे. तात्पर्य इतकंच की रंगावरून नर-मादी ठरवणं हे रंगावरून जात ठरवण्याइतकंच कच्चं आहे.

तिसरा मासा ग्रीन सनफिश, यात मला अडचण दिसत नाही. मोठं तोंड, जाडसर लांबट बांधा, आखूड गोल पर, गालावर निळसर-हिरव्या रेघा, परांना पिवळी-नारिंगी कड. एक गोष्ट तपासा म्हणजे वॉरमाउथ बाद होईल. वॉरमाउथच्या डोळ्यापासून मागच्या बाजूला तीन-चार गडद तपकिरी रेघा पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतात आणि त्याच्या जिभेवर दातांचा खरखरीत पट्टा असतो. बोट आत घालून बघायला हरकत नाही, चावून इजा होण्यासारखे ते दात नाहीत.

ग्रीन मुद्दाम सोडलेला असण्याची शक्यता कमी. तो काहीही सहन करतो: गढूळ पाणी, उष्णता, प्राणवायूची कमतरता. पावसात तळ्याचा सांडवा वाहू लागला की खालच्या ओढ्यातून तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो. नव्या खोदलेल्या तळ्यात काहीही न सोडता जे मासे आपोआप आलेले दिसतात, त्यांत हा आघाडीवर. ‘बदकांच्या पायाला चिकटून अंडी आली’ असं लोक सांगतात, पण मी बघितलेल्या तळ्यांत खरं कारण बहुतेक वेळा सांडवा किंवा कोणाची तरी बादली हेच निघालं.

आणि ग्रीन आला की संकर येतो. ब्लूगिल आणि ग्रीन दोन्ही उथळ पाण्यात, जवळजवळ एकाच काळात घरटी करतात. जागा कमी, घरटी दाटीवाटीची, त्यामुळे एकाची अंडी दुसऱ्याच्या घरट्यात फळतात. शिवाय मत्स्यबीज केंद्रं हा संकर मुद्दाम तयार करून ‘हायब्रिड ब्लूगिल’ म्हणून विकतात. तिथे बहुधा नर ब्लूगिल आणि मादी ग्रीन असते, पिल्लांत बहुतांश नर निघतात, म्हणून तळं पिल्लांनी भरत नाही आणि मासे भराभर वाढतात. पण ते वांझ नसतात. आपसात किंवा ब्लूगिलशी पुढे वीण होतेच, आणि त्यापुढच्या पिढ्यांत खुणा अशा मिसळतात की नुसत्या डोळ्यांनी उकल करणं अशक्य होतं.

पहिल्या पिढीचा संकर ओळखायची माझी पद्धत सोपी आहे: खुणा आपसात भांडतायत का ते बघायचं. तोंड ब्लूगिलपेक्षा मोठं, ग्रीनपेक्षा लहान. पाळी काळी, पण कडेला अर्धवट फिकट किनार. बांधा ब्लूगिलसारखा रुंद, पण परांना ग्रीनची पिवळी कड. गालावर रेघा आहेत, पण तुटक. पाठीवरच्या परावर धब्बा आहेच, कारण तो दोघांकडेही असतो. तुमचा चौथा मासा या वर्णनात बसतो. एखाद्याच खुणेत गडबड असेल तर मी संकर म्हणत नाही, कारण शुद्ध जातींतही थोडंफार इकडेतिकडे होतं. दोन-तीन खुणा वेगवेगळ्या दिशेने ओढू लागल्या की म्हणतो. आणि नंतरच्या पिढीचा वाटला तर ‘लेपोमिस, बहुधा संकर’ एवढंच लिहून ठेवतो. प्रत्येक माशाला नाव चिकटवायलाच हवं असं नाही. हौशी मंडळींना हे पटायला वेळ लागतो.

पिल्लांच्या बाबतीतही तेच. दोन-अडीच इंचांखालच्या सनफिशवर वेळ घालवू नका. एकच अपवाद: इतका लहान मासा गडद असेल, अंगावर निळे ठिपके असतील आणि शेपटी खाचेची नसून गोल असेल, तर तो कोणाचं पिल्लू नसून ब्लूस्पॉटेड सनफिश असू शकतो. तो वेगळ्या प्रजातीतला, पूर्ण वाढूनही तीन-चार इंचांचाच, आणि तुमच्या बाजूच्या दाट वनस्पतींच्या पाण्यात मूळचाच राहतो.

आता तळ्यात नेमकं काय किती आहे, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. गळाने पकडलेल्या माशांवरून प्रमाण काढताना जपून. मोठा गळ आणि अख्खं गांडूळ लावलं की मोठ्या तोंडाचे जास्त लागतात, म्हणजे ग्रीन आणि संकर. लहान तोंडाचा ब्लूगिल आमिष कुरतडून निघून जातो. तरंगता बोया लावून काठाजवळ गळ टाकला की तळाशी फिरणारा रेडइअर लागतच नाही. दगडांच्या कडेला टाकला तर ग्रीनच ग्रीन. आठ किंवा दहा नंबरचा बारीक गळ घ्या, गांडुळाचा छोटा तुकडा लावा, आणि काठावर, खोल पाण्यात, तळाशी अशा वेगवेगळ्या जागी प्रयत्न करा. एकाच दुपारच्या माशांवरून निष्कर्ष नको. वसंताच्या अखेरीला नर घरट्यांवर असताना आणि पुन्हा शरदात, असे दोनदा नमुने घेतलेत तर चित्र बरंच स्पष्ट होईल.

ग्रीन जास्त निघाले तर काढून टाकावेत का? माझं मत: हो, लागेल तो ग्रीन आणि संकर परत सोडू नका, खा. चवीला दोन्ही चांगले. तळ्यात पुरेसे बास असतील तर तेही पिल्लं कमी ठेवतील. पण बादलीत घालून जवळच्या ओढ्यात किंवा सार्वजनिक तलावात नेऊ नका. बऱ्याच राज्यांत ते बेकायदा आहे, आणि मासेमारीचा परवाना खासगी तळ्यावर लागतो का हेही राज्यागणिक वेगळं, तेव्हा दोन्ही गोष्टी तुमच्या राज्याच्या वन्यजीव विभागाकडून विचारून घ्या. बादलीतल्या माशांनी काय होतं याचं मोठं उदाहरण जपानमध्ये आहे. 1960 साली तेव्हाचे युवराज अकिहितो यांना शिकागोच्या महापौरांनी ब्लूगिल भेट दिले. ते संशोधनासाठी दिले गेले, तिथून देशभरच्या पाण्यात पसरले आणि बिवा तलावातल्या मूळ माशांना जड गेले. 2007 मध्ये सम्राट असताना अकिहितो यांनी याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ते स्वतः माशांचे अभ्यासक होते, हे विशेष.

चौथ्या माशाबद्दल पक्कं मत हवं असेल तर पुढच्या वेळी तीन फोटो काढा. पहिला पूर्ण माशाचा, डावी बाजू, शेजारी मोजपट्टी, पाठीवरचा पर बोटाने उभा केलेला. काटे टोचतात, म्हणून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून धरा, आणि हात आधी ओला करा म्हणजे अंगावरचा चिकट थर निघणार नाही. दुसरा डोक्याचा, जवळून, तोंड मिटलेलं. तिसरा छातीचा पर डोळ्याकडे वळवलेला. तिन्ही मासा पाण्याबाहेर काढल्या काढल्या, सावलीत, फ्लॅश न वापरता. दुसऱ्या माशाचा मात्र गालाचा एकच फोटो पुरे.